बाप-लेकाचा कॅम्प म्हणजे नेमकं काय?

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी विचारलं, चर्चच्या बाप-लेक कॅम्पमध्ये करता तरी काय?

तर सांगतो. परतवाड्याहून घाट चढून आम्ही चिखलदऱ्याला गेलो. उंची साधारण 1100 मीटर, रात्री कडाक्याची थंडी. भोवती मेळघाटचं वाघाचं जंगल, म्हणून तंबू गावातल्याच एका आवारात. नियम तीनच: फोन बंद, तंबू दोघांनी मिळून लावायचा, स्वयंपाकही मिळून. हात कामात असले की बोलणं सोपं जातं. समोरासमोर बसवलं की दोघंही गप्प.

रात्री शेकोटीजवळ लूक 15 मधला उधळ्या पुत्राचा दाखला वाचला. मुलगा माफीचं भाषण ठरवून येतो. पण मला मजूर म्हणून ठेवा, हे शेवटचं वाक्य बाप त्याला बोलूच देत नाही. हे माझ्या आधी कधी लक्षातच आलं नव्हतं.

मीही भाषण ठरवूनच आलो होतो. नोकरी जाऊन दोन महिने झाले होते, घरी वर्क फ्रॉम होमचं नाटक चालू. तंबूत सुरुवात केली, तर पप्पा म्हणाले, "मले माहीत आहे बाबू. लॅपटॉप उघडून नुसता बसून राह्यतं तू. झोप आता, सकाळी भीमकुंड पाहू."

तुमच्या मंडळीत असा कॅम्प करणार असाल तर एकच सांगतो: कार्यक्रम कमी ठेवा.