एक पेन्शन मिळते म्हणून दुसरी कापावी का?

पेन्शनचा विषय निघाला की आपली स्टाफरूम तापतेच. अमेरिकेतल्या शिक्षकांचा वाद मात्र वेगळा आहे. टेक्सास, कॅलिफोर्नियात बहुतेक शिक्षकांच्या पगारातून सोशल सिक्युरिटीची वर्गणी कापत नाहीत. त्यांना राज्याच्या फंडातून पेन्शन मिळते.

समजा, टेक्सासमधल्या एका बाईंची पेन्शन दरमहा 2400 डॉलर. पती खासगी नोकरीत होते. त्यांच्या मागे बाईंना 1500 डॉलर मिळायला हवेत. पण 1977 च्या नियमापासून सुरू झालेल्या कपातीत पेन्शनच्या दोन तृतीयांश, म्हणजे 1600 डॉलर, त्यातून वजा व्हायचे. हाती शून्य! कधीच नोकरी न केलेल्या शेजारणीला मात्र पूर्ण 1500. अन्याय वाटतो ना?

पण थांबा. याच बाईंनी खासगी नोकरी करून स्वतःची 2400 ची सोशल सिक्युरिटी कमावली असती, तरी पतीचे वेगळे काही मिळाले नसते. तिथे मोठी असेल तेवढीच रक्कम हाती येते.

1983 चा दुसरा नियम स्वतःच्या रकमेला कात्री लावायचा. सूत्र कमी मिळकतवाल्याला झुकतं माप देतं, आणि शिक्षकाची वर्गणी नसलेली वर्षं शून्य धरल्याने तो कागदावर गरीब दिसतो.

5 जानेवारी 2025 ला बायडेन यांच्या सहीने दोन्ही नियम गेले. 28 लाखांहून अधिक लोकांना फायदा, दहा वर्षांचा अंदाजे खर्च 196 अब्ज डॉलर. मला विचाराल तर, सगळी मिळकत धरून प्रमाणात रक्कम देणं जास्त बरं होतं. तसे प्रस्ताव आले होते, मंजूर झाले नाहीत.