सुरत-बऱ्हाणपूर वाटेवरचा छापील नकाशा

१६१९ साली लंडनमध्ये मुघल साम्राज्याचा एक नकाशा छापून विक्रीला आला. तो आखला विल्यम बॅफिनने आणि तांब्याच्या पत्र्यावर कोरला रेनोल्ड एल्स्ट्रॅकने. कॅनडाच्या उत्तरेकडील बर्फाळ उपसागराला आज ज्याचे नाव आहे, तोच हा बॅफिन. सुरतेपर्यंत तो आला तो जहाजावरचा दर्यावर्दी म्हणून. हिंदुस्थानचा अंतर्भाग त्याने पाहिला नव्हता. तो पाहिला होता जहांगीरच्या दरबारातील इंग्रज वकील सर टॉमस रो याने, पण त्याने काही मोजले नव्हते. १६१९ मध्ये दोघेही ‘अ‍ॅन’ या एकाच जहाजातून मायदेशी परतले आणि एकाची माहिती दुसऱ्याच्या हातून कागदावर उतरली. हिंदुस्थानच्या नकाशांच्या इतिहासात हा टप्पा युरोपीय भूगोलविद्येच्या खात्यावर जमा केला जातो. माझ्या मते ती नोंद अर्धवट आहे. या नकाशाचा अंतर्भाग मोजणीतून आलेला नाही. तो चालत्या वाटेवरून आणि लोकांना विचारून आला, आणि ती वाट आजच्या नंदुरबार जिल्ह्यातून जात होती.

त्याआधीच्या शतकातले जगाचे छापील नकाशे पाहिले की हा फरक ध्यानात येतो. नकाशाकार वाल्डझेम्युलरने १५०७ च्या आपल्या बारा पानी नकाशात प्राचीन भूगोलज्ञ टॉलेमीचाच हिंदुस्थान ठेवला; द्वीपकल्प जवळजवळ नाहीसे झालेले आणि श्रीलंका भलतीच मोठी. याच गृहस्थाने १५१६ मध्ये पोर्तुगीज सागरी नकाशे हाती घेऊन ते द्वीपकल्प ठसठशीत काढले. नऊ वर्षांत किनारा सुधारला, कारण सूर्याची उंची घेऊन अक्षांश काढणारे खलाशी तिथे रोज ये-जा करत होते. जमिनीवर असा कोणी नव्हता. त्यामुळे पुढेही कित्येक वर्षे छापील नकाशांत किनाऱ्यावर नावांची दाटी असे, तर आत अंदाजाने काढलेले डोंगर. सिंधू नदी तर खुशाल खंबायतच्या आखातात सोडलेली असे.

रो सुरतेहून ३० ऑक्टोबर १६१५ रोजी निघाला आणि १४ नोव्हेंबरला बऱ्हाणपुरास पोचला. व्यारा, नवापूर, नंदुरबार, निमगूळ, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा ही त्याच्या वाटेवरची गावे. उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला सह्याद्रीचे फाटे असल्यामुळे सुरतेचा माल पूर्वेकडे न्यायला तापीचे खोरेच सोयीचे. ही वाट काही युरोपियनांनी शोधलेली नव्हे. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादेहून गुजरातकडे जाताना नंदुरबारला थांबला होता आणि मराठ्यांच्या वस्तीचे गाव म्हणून त्याने त्याची नोंद केली. ‘ऐन-ए-अकबरी’त नंदुरबार हा माळवा सुभ्यातला एक स्वतंत्र सरकार (जिल्ह्यासारखा विभाग) आहे. म्हणजे मुक्कामांची नावे, कोसांतली अंतरे, कोणता मुलूख कोणत्या सरकारात मोडतो, हे सारे गाडीवानांच्या तोंडी आणि दरबारच्या दप्तरात आधीच तयार होते. रोने ते गोळा केले. नकाशात प्रांत आणि त्याचे मुख्य शहर अशी जी मांडणी दिसते, ती दप्तराच्या वळणाची आहे. तिथे खानदेश ओळखायचा तो बऱ्हाणपुरावरून. तोरणमाळ, अक्राणी, सातपुड्यातली भिलांची वस्ती इकडे गाडीवाट नव्हती आणि रोची चौकशीही तिकडे वळली नाही.

यावर एक ठरलेला आक्षेप येतो. रोने १६१७ मध्ये जहांगीरला मर्केटरचा नकाशासंग्रह भेट दिला आणि कोणालाच तो वाचता येत नाही म्हणून बादशहाने तो परत केला. मग इथल्या लोकांनी नकाशाला काय दिले असणार? पण ते पुस्तक लॅटिनमधले. शिवाय बादशहाच्या मुलखाबद्दल त्यात जे होते, त्याहून कितीतरी जास्त त्याच्या कारकुनांना ठाऊक होते. खुद्द रोनेच मायदेशी लिहिताना कबूल केले की आपले नकाशे चुकीचे आहेत, सिंधू खंबायतला नव्हे तर सिंधमध्ये समुद्राला मिळते. ही दुरुस्ती त्याने दुर्बिणीतून केली नाही. ती त्याला इथेच कळली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. माहिती इथल्या जाणकारांची होती, तर नकाशात इतक्या चुका का? लाहोर सिंधूच्या काठी आहे अशी रोची समजूत होती, ते आहे रावीवर. पण रो लाहोरला गेलाच नव्हता, आग्र्यालाही नाही. सुरत, बऱ्हाणपूर, अजमेर, मांडू, अहमदाबाद एवढाच त्याचा फिरता पट्टा. आग्रा ते लाहोर रस्त्याची झाडांची दुतर्फा रांग नकाशात ठळकपणे काढली आहे. त्या रस्त्याने पायी आलेला टॉमस कोर्यट अजमेरला रोकडे राहिला होता, हा योगायोग नसावा. ऐकीव माहितीत वर्णन टिकते, दिशा मात्र हरवते. या चुकांमुळे माझे म्हणणे ढासळत नाही. मोजमापाचा आधार असता तर चुका सगळीकडे सारख्या विखुरल्या असत्या.

नकाशावर जहांगीरची फारसी शिक्काकृती आहे, तैमूरपर्यंतच्या पूर्वजांच्या नावांसह. बॅफिनचे आणि रोचे नाव आहे. कोस सांगणाऱ्यांपैकी कोणाचेही नाही. बॅफिन १६२२ मध्ये होर्मुझजवळ किश्म येथे किल्ल्याच्या भिंतीची उंची उपकरणांनी मोजत असताना गोळी लागून मेला. नकाशा मात्र चालत राहिला: १६२५ मध्ये प्रवासवर्णनांचा संकलक पर्चस याच्या ग्रंथात लहान करून, मग डच प्रकाशकांच्या संग्रहांत, जुन्या चुकांसकट. व्यापाऱ्याचे काम मात्र नकाशावर नव्हे, मुक्कामांच्या यादीवर चाले. १६७६ मध्ये छापलेल्या फ्रेंच व्यापारी टॅव्हर्निएच्या प्रवासवर्णनात सुरत-बऱ्हाणपूर वाट मुक्काम आणि कोस अशीच दिली आहे. नवापूरला विणकर पुष्कळ, पण मुख्य व्यापार तांदळाचा, दाणा बारीक, शिजला की पांढराशुभ्र आणि कस्तुरीच्या वासाचा, हेही त्याने त्यातच टिपले.