काडतूस बदलले की पिस्तूल बदलते

इंदूरच्या विजय नगर वसाहतीतून निघून सारे शहर ओलांडले आणि नैर्ऋत्येची वाट धरली, की पुढे महूची लष्करी छावणी लागते. तेथे १९९३ साली भूदलाचे नेमबाजी-पथक, आर्मी मार्क्समनशिप युनिट, स्थापन झाले. लहान पिस्तुलाचे काडतूस बदलले असता काय काय बदलते, हे जाणून घ्यावयाचे, तर या पथकातील एका सैनिकाची कथा उपयोगी पडते.

परंतु प्रथम यंत्राविषयी. जुनी नळी काढली, दुसऱ्या कॅलिबरची बसविली, की काम भागले, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही. आपोआप भरणाऱ्या पिस्तुलात दारूच्या वायूचा दाब गोळीला जसा पुढे लोटतो, तसाच पुंगळीला मागे लोटतो. त्या जोराने सरकता भाग मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि स्प्रिंगच्या बळावर परतताना नवे काडतूस नळीच्या तोंडी बसते. सरकत्या भागाचे वजन आणि स्प्रिंगचा ताठपणा ही दोन्ही एका ठराविक काडतुसाच्या जोराशी जुळविलेली असतात. काडतूस दुबळे निघाले, तर पिस्तूल अडते. ते अधिक जोरकस असले, तर दाब ओसरण्यापूर्वीच नळीचे मागील तोंड उघडते, पुंगळी फाटते, आणि इजा होते ती चालविणाऱ्याच्याच हाताला वा डोळ्याला. शिवाय ०.२२च्या काडतुसात पेट घेणारा मसाला पुंगळीच्या काठात असतो, ०.३२मध्ये तो मध्यावरील टोपीत असतो; म्हणजे आघाताची जागाही निराळी. म्हणूनच वाल्थर कंपनीच्या जीएसपी या स्पर्धेच्या पिस्तुलात ०.२२वरून ०.३२वर जाताना नळीसह वरचा सारा भाग आणि मॅगझीनही बदलावे लागते. जुने असे फारसे उरते ते मुठीतच! हा बदल घरगुती हिकमतीचा विषय नव्हे. १९५९च्या शस्त्र अधिनियमाने शस्त्रात असे परिवर्तन करण्यास, शस्त्र तयार करण्याप्रमाणेच, परवाना आवश्यक ठरविला आहे.

आता कथा. पंचवीस मीटरच्या रॅपिड फायर प्रकारात नेमबाज हात खाली ठेवून उभा राहतो आणि संकेत होताच पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या झाडतो. प्रथम आठ, मग सहा, शेवटी अवघ्या चार सेकंदांत. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकपर्यंत यासाठी ०.२२ शॉर्ट हे आखूड काडतूस चाले. त्याचा धक्का इतका सौम्य, की पिस्तूल लक्ष्यावरून जणू हलतच नसे. २००५पासून नियम पालटला. नळीचा व्यास तोच राहिला, पण काडतूस आले ०.२२ लाँग रायफल. गोळी १.९ ग्रॅमऐवजी सुमारे २.६ ग्रॅमची झाली. घोडा ओढण्यास किमान एक किलोग्रॅमचा जोर हवा, असे बंधनही पडले. वर्षानुवर्षे जपलेली खास पिस्तुले एका नियमाने स्पर्धेतून बाद झाली. जुन्या पिस्तुलाने तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळविणारे जर्मनीचे राल्फ शूमान यांना २००८ साली बीजिंगमध्ये रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. अर्थात, एवढ्या वर्षांची सवय मोडून रौप्य मिळविणे हेही थोडे नव्हे.

महूच्या पथकातील विजय कुमार यांचा उत्कर्ष याच नव्या काळातला. मूळचे हिमाचल प्रदेशातील, डोगरा रेजिमेंटचे हे सैनिक महूला रशियन प्रशिक्षक पावेल स्मिर्नोव यांच्या हाताखाली तयार झाले. धक्का वाढला की दुसऱ्या गोळीपूर्वी मनगट पुन्हा त्याच जागी आणावे लागते, आणि चार सेकंदांत ते चार वेळा साधावे लागते. यंत्राची स्प्रिंग कारखान्यात बदलता येते. मनगटाची जुळणी मात्र रोजच्या सरावानेच होते. २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रॅपिड फायरचे वैयक्तिक सुवर्णपदक जिंकलेच, शिवाय अधिक मोठ्या कॅलिबरच्या सेंटर फायर प्रकारात रौप्यही मिळविले. ३ ऑगस्ट २०१२ रोजी लंडन ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत चाळीसपैकी ३० वेध अचूक घेऊन ते रॅपिड फायरमध्ये दुसरे आले. क्यूबाचे लेउरिस पूपो ३४ वेधांसह पहिले होते.