जांभळा तंतू

विदर्भातील एका तालुक्याच्या गावी, कुष्ठरोगाच्या बाह्यरुग्ण विभागात मी एक संपूर्ण सकाळ जी तपासणी पाहत बसलो होतो, तिचे साहित्य इतके अल्प होते की चष्म्याच्या डबीत ते सहज मावावे. मुठींना काटकोनात जोडलेले, निरनिराळ्या जाडीचे आणि रंगांचे पाच नायलॉनचे तंतू, एवढेच ते साहित्य. असा तंतू त्वचेवर लंब टेकवून दाबला की ठराविक भार येताच तो धनुष्यासारखा वाकतो, आणि एकदा वाकला म्हणजे हात किंचित अधिक दाबला गेला तरी त्वचेवरचा भार फारसा वाढत नाही; त्यामुळे तपासणाऱ्याचा हात जड असो वा हलका, मिळणारा जबाब विश्वासाचा असतो. निळा तंतू ०.२ ग्रॅमला वाकतो, जांभळा २ ग्रॅमला आणि नारिंगी १० ग्रॅमला. निरोगी तळहाताला निळा कळतो. पण तळहाताला जांभळा कळेनासा झाला, किंवा तळपायाला नारिंगी, म्हणजे त्या जागेवरचा पहारा उठला असे खुशाल समजावे.

समोरच्या बाकावर पन्नाशीच्या, शेतमजुरी करणाऱ्या एक बाई बसल्या होत्या. तपासनीस तरुणाने त्यांचा हात उशीवर उताणा ठेवला. “मावशी, आधी डोळ्यांनी पाहून घ्या. असं टेकलं की दुसऱ्या हाताच्या बोटानं ती जागा दाखवायची.” मग त्यांच्या दृष्टीआड एक पुठ्ठा धरला गेला. अंगठ्याच्या मुळाशी निळा तंतू टेकला आणि त्यांचे बोट अचूक तेथे गेले. तर्जनीचीही तीच गत. करंगळीच्या मुळाशी मात्र निळा गेला, जांभळा आला, वाकला, क्षणभर थांबून उचलला गेला, तरी त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेषाही हलली नाही. आणि मग, कोणताच तंतू कोठेही टेकलेला नसताना, त्या घाईने म्हणाल्या, “समजलं जी.”

तरुण हसला नाही, रागावलाही नाही. “मावशी, यात पास-नापास काही नाही. नाही समजलं तर नाही म्हणा. तेच मला लिहून ठेवायचं आहे.”

या एका वाक्यात त्या साऱ्या कामाचे मर्म होते. दुखणे आपली फिर्याद आपणच घेऊन येते. बधिरता मात्र कोणाच्याही दारात जात नाही, तिच्यापर्यंत आपणच विचारीत जावे लागते. बाईंच्या करंगळीच्या कडेला फुटलेल्या फोडाची सालपटे अजून दिसत होती. चहाचे तापलेले पातेले उतरवताना तो आला, हे त्यांना संध्याकाळी भांडी घासताना दिसले, कळले नव्हे. १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात रुजू झालेल्या डॉ. पॉल ब्रँड या शल्यचिकित्सकाने याच गोष्टीचा चिकाटीने माग काढला आणि दाखवून दिले की बोटे झडतात ती बहुतांशी जंतू मांस खातो म्हणून नव्हे, तर न कळलेले चटके, काप आणि घर्षण दिवसेंदिवस साचत जाते म्हणून.

नॉर्वेच्या हॅन्सेनने १८७३ साली शोधलेला हा जंतू शरीराचे थंड भाग पसंत करतो. म्हणून कोपराच्या मागे त्वचेलगत धावणारी अल्नर नस त्याच्या तावडीत सापडते, आणि करंगळीचा व तिच्या शेजारच्या अर्ध्या बोटाचा इलाखा तिच्यासोबत जातो. बहुधा आधी ऊन-गार कळेनासे होते, पुढे वेदना आणि स्पर्श. घामाचे तंतूही निकामी होत असल्याने त्वचा कोरडी पडून भेगाळते. तरुणाने दोन्ही कोपरांमागची नस बोटाखाली हलकेच फिरवून पाहिली आणि उजवीकडची जाड लागते, असा शेरा लिहिला.

मग त्याने जुना कागद काढून नव्याशेजारी ठेवला. तीन महिन्यांपूर्वी करंगळीच्या मुळाशी जांभळ्या रंगाची खूण होती. आज तेथे त्याहून जाड तंतूची आली. एका ठिपक्याचा रंग बदलला, एवढाच तो फरक; परंतु तो पाहताच तो उठून डॉक्टरांकडे गेला, कारण नस नुकतीच, सहा महिन्यांच्या आत मंदावली असेल तर प्रेडनिसोलोनने ती पुन्हा जागी होण्याची आशा असते, आणि वर्षानुवर्षे निजलेल्या नसेला औषध बहुधा उठवू शकत नाही.

बाईंचे तळपाय असे कधीचेच निजलेले होते. त्यांच्यासाठी उरतो तो रोजचा नेम: पाय साध्या पाण्यात अर्धा तास भिजवायचे, घट्टे खरखरीत दगडाने घासायचे, ओलसर त्वचेवर तेल चोळायचे, आणि मऊ रबराच्या, खिळे नसलेल्या चपलेखेरीज पाऊल टाकायचे नाही. हे सांगताना तो बाकावर नव्हे, त्यांच्या पायाशी जमिनीवर बसला होता, आणि बोलता बोलता टाचेची एकेक भेग बोटाने चाचपीत होता.

निघताना बाईंनी ओसरीवर चपला उलट्या करून आपटल्या, एकेक चप्पल उन्हाकडे धरून न्याहाळली आणि दुसरीपाशी थबकल्या. तळातून आरपार आलेल्या बाभळीच्या काट्याचे टोक, तिळाएवढे, आतल्या रबरातून वर डोकावत होते. सकाळी त्या त्याच चपलेने तीन मैल चालून आल्या होत्या. तरुणाने चिमट्याने काटा ओढला, त्यांना पुन्हा बाकावर बसवले आणि तळपाय उजेडात धरून त्या काट्याची जागा शोधू लागला.