पहिली चकली

दिवाळीचा घाणा काढण्यापूर्वी घरची गृहिणी आधी एकच चकली तेलात सोडते. ती विरघळली तर मोहन जास्त झाले, कडक झाली तर कमी पडले. मग पीठ सुधारल्याखेरीज ती दुसरी चकली पाडीत नाही. संगणकाच्या जगात यालाच चाचणी म्हणतात. आणि ती धाब्यावर बसविली की काय होते, हे अमेरिकेने २०१३ साली पाहिले.

१ ऑक्टोबर २०१३ रोजी तेथील सरकारने ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ हे संकेतस्थळ सुरू केले. घरबसल्या आरोग्यविमा निवडता यावा, हा हेतू. पहिल्याच दिवशी लाखो लोक आले. विमा पदरात पडला तो अवघ्या सहाजणांच्या!

आता चाचण्या मुळीच झाल्या नव्हत्या काय? झाल्या होत्या. परंतु चाचणीचेही प्रकार असतात. प्रत्येक सुटा भाग तपासावयाचा, ही पहिली पायरी. ते भाग एकमेकांशी नीट बोलतात की नाही, हे पाहणारी ती जोडचाचणी. मग ग्राहक ज्या वाटेने जाईल ती सारी वाट आरंभापासून अखेरपर्यंत चालून पाहावयाची. एकाच वेळी हजारोंची झुंबड उडाली तर काय, हे सांगते ती भारचाचणी. चोराला शिरता येते का, हे पाहते ती सुरक्षाचाचणी. आणि एक बिघाड दुरुस्त करताना दुसरा निर्माण झाला नाही ना, यासाठी पुन्हा सारे तपासणे आलेच.

येथे निरनिराळ्या कंत्राटदारांनी आपापले भाग तपासले होते. सर्वांची एकत्र चाचणी मात्र अखेरच्या दोन आठवड्यांत झाली, असे त्यांनीच पुढे अमेरिकन काँग्रेससमोर सांगितले. भारचाचणीत तर काहीशे लोकांच्या कृत्रिम गर्दीनेच यंत्रणा बसली होती, अशा बातम्या आल्या. तरीही ठरलेली तारीख हलली नाही. आरोग्यखात्याच्या मंत्री कॅथलीन सिबेलियस यांनी महिनाअखेर काँग्रेसपुढे माफी मागून जबाबदारी स्वीकारली. शेकडो दोष काढल्यावर, एका वेळी पन्नास हजार लोकांना पुरे पडेल असे संकेतस्थळ झाल्याचे सरकारने डिसेंबरच्या आरंभी जाहीर केले. तोवर आजारी माणसे आणि त्यांचे आप्त पडद्याकडे डोळे लावून बसले होते.

म्हणजे पहिली चकली तळली होती, ती विरघळलेलीही दिसली होती. पण पाहुणे दारात आले म्हणून घाणा तसाच पुढे चालू ठेवला! चाचणी करणे सोपे. तिचे ऐकणे अवघड.