क्षिप्रेचे पाणी आणि नदीचा जमाखर्च

२०१६ सालच्या एप्रिल-मे महिन्यांत उज्जैनला सिंहस्थाचा मेळा भरला. नाशिककडच्या आमच्या वाचकांना सिंहस्थ म्हणजे काय हे सांगायला नको. ऐन उन्हाळ्यात लाखो यात्रेकरूंनी क्षिप्रेच्या घाटांवर स्नान केले आणि पाणी कमी पडले नाही. मात्र त्या दिवसांत घाटावरून वाहत होते ते पाणी मुख्यतः क्षिप्रेचे नव्हते. ते नर्मदेचे होते, पंपाने डोंगरावर चढवून आणलेले.

ही गोष्ट शेतकऱ्याने नीट समजून घ्यावी अशी आहे, म्हणून या वेळचे पान आम्ही तिला देत आहोत.

उज्जैन आपल्याला फार परके नाही. ग्वाल्हेरच्या आधी शिंद्यांची राजधानी हीच होती, आणि शेजारचे देवास पवारांचे. जमीनही ओळखीची आहे. आपल्या नगर-मराठवाड्यासारखीच खाली काळा पाषाण आणि वर काळी, भेगाळणारी माती. क्षिप्रा इंदूर जिल्ह्यात उगम पावते, उत्तरेकडे वाहते आणि सुमारे १९५ किलोमीटर गेल्यावर चंबळेला मिळते. चंबळ यमुनेला व यमुना गंगेला. नर्मदा दक्षिणेला इतकी जवळ असूनही तिच्याशी क्षिप्रेचा निसर्गतः काही संबंध नाही. दोघींच्या मध्ये विंध्याची धार आहे.

ती धार ओलांडण्याचे काम माणसाने केले. २०१२ च्या नोव्हेंबरात नर्मदा-क्षिप्रा जोड योजनेचा पाया घातला गेला आणि २०१४ च्या फेब्रुवारीत पाणी सुरू झाले. खर्च ४३२ कोटी रुपये. ओंकारेश्वर धरणाचे पाणी जवळजवळ ५० किलोमीटर नळातून नेऊन, सुमारे ३५० मीटर उंच चढवून, क्षिप्रेच्या उगमाजवळ सोडतात. योजना सेकंदाला पाच हजार लिटरांची आहे. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो, आणि मोठा आहेही. पण विजेचा हिशोब पाहा. एक हजार लिटर पाणी ३५० मीटर उचलायला, पंप कितीही चांगला असला तरी, जवळजवळ एक युनिट वीज लागते. पंपाची व नळाची तूट धरली तर सव्वा युनिटाच्याही पुढे जाते. पूर्ण क्षमतेने एक दिवस चालवायचे तर किमान चार लाख युनिटे. ज्याने कधी विहिरीवरच्या मोटारीचे बिल भरले आहे त्याला यापुढचे सांगायला नको.

आता दुसरा हिशोब. क्षिप्रेचे खोरे सुमारे ५,६०० चौरस किलोमीटरांचे आहे. ही योजना वर्षाचे ३६५ दिवस न थांबता पूर्ण क्षमतेने चालली, तर जेवढे पाणी येईल ते साऱ्या खोऱ्यावर पसरले असता २८ मिलिमीटर भरते. उज्जैनला वर्षाला पाऊस पडतो सुमारे ९०० मिलिमीटर. म्हणजे आभाळातून फुकट येणाऱ्या शंभर भागांपैकी तीन भागांएवढे पाणी वर्षभर वीज जाळून चढवावे लागते. पावसाचे पाणी मुरवले तर ते सगळेच नदीला मिळते असे नाही. पिके पितात, ऊन पिते. तरीही या दोन आकड्यांतले अंतर विचार करायला लावते.

आणि योजना झाली म्हणजे चिंता मिटली असेही झाले नाही. २०१९ च्या जानेवारीत शनि अमावस्येला भाविक त्रिवेणी घाटावर आले तेव्हा तेथे पाणीच नव्हते, चिखल होता. त्यावरून मोठ्या अधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या. अधिकारी बदलला म्हणून नदी वाहत नाही, हा भाग वेगळा.

मुळात नदी आटली का? पावसाळ्यानंतर नदीत जे पाणी दिसते ते कोठून येते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. आभाळ कोरडे असते, ओढे गप्प असतात, तरी नदी वाहते. कारण काठावरच्या जमिनीत मुरलेले पाणी झिरपत झिरपत पात्रात उतरते. तेच पाणी आपल्या विहिरीत असते. उन्हाळ्यातली नदी म्हणजे विहिरींचेच पाणी उघड्यावर आलेले. माळव्यात पूर्वी काळ्या रानात खरिपाला जमीन पडीक ठेवून ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा घेत. १९७० नंतर सोयाबीन आले. खरीपही पिकू लागला, हातात पैसा आला, आणि त्या पैशातून कूपनलिका आल्या. रब्बीचा गहू मोटारीवर भिजू लागला. यात कोणाचे पाप नाही. आपणही तेच केले असते आणि केलेच आहे. पण जमिनीतली पातळी पात्राच्या खाली गेली की झरा उलटा होतो. नदी विहिरीला देऊ लागते, आणि मग दोघीही रिकाम्या.

हा सगळा जमाखर्च आकड्यांत मांडण्याचे एक शास्त्र आहे. त्याला नदीखोऱ्याचे प्रतिमान किंवा मॉडेल म्हणतात. त्यात मातीचा डोंगर आणि खेळण्यातली नदी नसते. असते ती संगणकात भरलेली खतावणी. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या टेंपल या गावी सरकारी शेती संशोधन खात्यात जेफ अर्नोल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास ‘स्वॅट’ नावाचे असे एक प्रतिमान तयार केले. ते कोणालाही फुकट मिळते, म्हणून जगभर पसरले. ते वापरणाऱ्या शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदा भरतात. २०१२ च्या जुलैमध्ये अशी परिषद नवी दिल्लीच्या आय. आय. टी.त झाली. त्याच वर्षी पुढे क्षिप्रा जोड योजनेचा पाया घातला गेला, हा निव्वळ योगायोग.

अशा परिषदांतली भाषा आपल्या कामाची नाही असे वाटते. सेमिनरीत आम्हाला तत्त्वज्ञान भरपूर शिकवले, जलशास्त्राचे नावही नाही. तरी मर्म समजायला अवघड नाही. खोऱ्याचे लहान लहान तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्याची माती कोणती, उतार किती, वर पीक कोणते, हे लिहितात. मग रोजचा पाऊस आणि उष्णता भरतात. संगणक विचारतो, यातले वाहून किती गेले, मुरले किती, पिकाने व उन्हाने घेतले किती, आणि उरलेले नदीला कधी मिळाले? शेवटी आलेले उत्तर नदीवर प्रत्यक्ष मोजलेल्या प्रवाहाशी ताडून पाहतात. जुळले नाही तर पुन्हा बसतात.

एक उदाहरण घेऊ. अमेरिकेच्या मृद्संधारण खात्याने १९५० च्या दशकात जमिनीला गुण देण्याची एक रीत काढली. गुण शून्य ते शंभर. शंभर म्हणजे सिमेंटचा ओटा, सगळे पाणी वाहून जाणार. चिकण मातीच्या, ओळीने पेरलेल्या, बांधबंदिस्ती नसलेल्या शेताला ८५ च्या आसपास गुण मिळतात. चांगले गवत-झाडोरा असलेल्या रानाला ७० च्या आसपास. आता एका दिवसात ६० मिलिमीटर पाऊस पडला असे समजा. त्या सूत्राने पहिल्या शेतातून २७ मिलिमीटर पाणी वाहून जाते, दुसऱ्यातून फक्त १०. एका एकरावर एक मिलिमीटर म्हणजे सुमारे चार हजार लिटर. तेव्हा एका पावसात एका एकरामागे जवळजवळ ७० हजार लिटरांचा फरक पडला, आणि वाहून जाणाऱ्या पाण्याबरोबर जी माती गेली ती वेगळीच.

पाऊस मोजण्याची ही हौस परदेशातून आली असे मात्र कोणी समजू नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाऊस भांड्यात मोजून कोणत्या प्रदेशात किती द्रोण पडतो हे दिले आहे. अवंतीला, म्हणजे उज्जैनच्या मुलखाला, २३ द्रोण. गोदाकाठच्या अश्मकाला त्याहून बरेच कमी. आणि अपरांताला, म्हणजे आपल्या कोकणाला, अमाप. कोणत्या पावसावर काय पेरावे हे ठरवण्यासाठीच ते मोजत होते.

संगणकाला मात्र एक अडचण आहे. त्याला सांगितले तेवढेच कळते. रात्री वीज आली की शिवारात किती मोटारी सुरू होतात, हे त्याला आभाळातला उपग्रह सांगत नाही. काळ्या पाषाणात पाणी कोणत्या फटीत बसले आहे हेही नाही. एका विहिरीला पाणी आणि पन्नास पावलांवरची कोरडी, हा आपला रोजचा अनुभव. म्हणून गावात पर्जन्यमापक नसेल, विहिरींची पातळी कोणी लिहून ठेवली नसेल, तर दिल्लीच्या परिषदेतले सुंदर नकाशेही अंदाजावरच उभे राहतात. आमच्या मते या शास्त्राची खरी उणीव शास्त्रज्ञांत नाही, गावोगावच्या न लिहिलेल्या वह्यांत आहे.

क्षिप्रेच्याच मुलखात, देवासला, १९९० च्या सुमारास पिण्याचे पाणी रेल्वेने आणण्याची वेळ आली होती. त्याच जिल्ह्यात २००६ साली जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांना गोळा केले. खोल कूपनलिकेत घातलेले कर्ज वर्षा-दोन वर्षांत बुडते, त्यापेक्षा आपल्या जमिनीचा दहावा हिस्सा तळ्याला द्या, असे त्यांचे सांगणे. अनुदानाची वाट न पाहता आधी मोठ्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या खर्चाने तळी खोदली, मग इतरांनी. काही वर्षांत जिल्ह्यात अशी हजारो तळी झाली. त्यांना ते ‘रेवासागर’ म्हणतात. दहावा हिस्सा गेला, पण उरलेल्या नऊ हिश्शांत रब्बी खात्रीने आली. काळ्या मातीत पाणी फार हळू मुरते, म्हणून तेथे उघडे तळे चालते. मुरमाड जमिनीत तसेच तळे केले तर पाणी टिकणार नाही, पण खालच्या विहिरींना लाभेल. दोन्हींचा उपयोग वेगळा, हे लक्षात ठेवावे.

आपल्याकडे नगर जिल्ह्यात येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी १९८९ पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा केला. काम माथ्यावरून पायथ्याकडे, हे त्यांचे सूत्र आपल्यापैकी अनेकांनी श्रमदानातून शिकले आहे. हे स्विस धर्मगुरू १९४८ साली भारतात आले आणि २०२१ साली देवाघरी गेले. त्याच जिल्ह्यातले हिवरे बाजार तर दरवर्षी गावच्या पाण्याचा ताळेबंद मांडते. पाऊस किती पडला ते पाहून त्या वर्षी कोणते पीक घ्यायचे हे ग्रामसभा ठरवते. उसाला व केळीला तेथे बंदी, शेतीसाठी कूपनलिकेलाही. संगणक नसताना हेच तर नदीखोऱ्याचे प्रतिमान झाले.

आरोग्याविषयी थोडे. इंदूरचे सांडपाणी कान्ह नदीतून येऊन उज्जैनच्या वरच्या अंगाला क्षिप्रेत मिळते. २०१६ च्या मेळ्यापूर्वी ते शहराला वळसा घालून खाली सोडण्यासाठी नळ टाकला. २०२८ च्या सिंहस्थासाठी बंदिस्त कालव्याचे मोठे काम हाती घेतले आहे. पण वळवलेली घाण नाहीशी होत नाही, खालच्या गावाला मिळते. आपणही कोणाच्या तरी वरच्या अंगाला राहतो. शेणाचा उकिरडा आणि संडासाचा खड्डा विहिरीपासून दूर आणि उताराच्या खालच्या बाजूस असावा. पिकाने न घेतलेला युरिया नायट्रेट होऊन विहिरीत उतरतो. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे असे आपले मानक आहे. असे पाणी उकळले तर जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. पाणी आटल्याने उलट दाट होते. सहा महिन्यांच्या आतल्या, वरचे दूध पिणाऱ्या बाळाला त्याचा सर्वांत जास्त धोका. बाळाचे ओठ व नखे निळसर दिसली तर घरगुती उपायात वेळ न घालवता दवाखाना गाठावा. विहिरीच्या पाण्याची तपासणी ग्रामपंचायतीमार्फत करून घेता येते. माता-भगिनींनी ती आग्रहाने मागावी.

या पावसाळ्यापासून प्रत्येक वाडीत निदान एका घराने वही घालावी अशी आमची विनंती आहे. महागडे यंत्र नको. सरळ बाजूंचा, वर-खाली सारख्याच रुंदीचा डबा घ्यावा. झाडापासून व छपरापासून दूर, उघड्यावर, जमिनीपासून हातभर उंच पक्का बसवावा, आणि साचलेल्या पाण्याची उंची मुलाच्या कंपासपेटीतल्या पट्टीने मिलिमीटरांत मोजावी. डबा किती रुंद आहे याने फरक पडत नाही. विहिरीची पातळी दर महिन्याच्या एक तारखेला, मोटार लावण्यापूर्वी, दोरीला दगड बांधून काठापासून मोजावी. पाऊस मोजायची वेळ सकाळी साडेआठ ठेवावी. हवामान खात्याची वेळ तीच आहे, म्हणजे आपला आकडा त्यांच्या आकड्याशी ताडून पाहता येईल. रविवारीही डबा विसरू नये, मिस्साला निघण्यापूर्वी किंवा परत आल्यावर मोजला तरी चालेल, फक्त वेळ वहीत लिहावी.