दुकानातील धूळ, घरातील धूर : हवा गाळण्याचे यंत्र घेण्याआधी

कापसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या केळापूर तालुक्यात व्यापाराला जशी तेजी येते, तशीच हवेतील धुळीलाही येते. पांढरकवड्यातून जाणाऱ्या महामार्गावर, म्हणजे पूर्वीच्या सात आणि आताच्या ४४ क्रमांकाच्या रस्त्यावर, ट्रकांची रीघ असते. जिनिंगमध्ये रेचे चालतात. शेतात आणि चुलीत पऱ्हाटी जळते. थंडीमुळे गादी-रजईच्या दुकानांत पिंजणयंत्राला उसंत नसते. आपल्यापैकी पुष्कळांचे पुढे दुकान आणि मागे घर असते. त्यामुळे दुकानातील धूळ आणि स्वयंपाकघरातील धूर एकाच छपराखाली जमा होतो, आणि तो बायका-मुलांच्या वाट्यालाही येतो.

अलीकडे हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांची जाहिरात गावोगावी पोहोचली आहे. हे यंत्र घ्यावे काय, असे व्यापारी बांधव एकमेकांना विचारतात. आमचे मत आधीच सांगून टाकतो : यंत्र निरुपयोगी नाही, पण त्याचा नंबर शेवटचा आहे. धूळ जिथे निघते तिथेच अडविणे पहिले, उरलेली बाहेर काढणे दुसरे आणि जी राहील ती गाळणे तिसरे. हा क्रम उलटा केला तर पैसाही जातो आणि खोकलाही राहतो.

हवा मोठ्या शहरातच बिघडते काय?

केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला. हवेचे प्रमाण न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत आपल्या विदर्भातील नागपूर, अमरावती, अकोला आणि चंद्रपूर ही नावे आली. यादीत आपल्या गावाचे नाव नाही म्हणून आपली हवा निर्मळ, असा अर्थ काढू नये. यादी शहराच्या मोकळ्या हवेची आहे. पिंजण चालू असलेल्या बंद खोलीची किंवा चुलीपाशी बसलेल्या बाईच्या श्वासाची मोजणी तिच्यात नसते.

मोजणीचा हिशेब थोडक्यात असा. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांना पीएम १० आणि अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांना पीएम २.५ म्हणतात. उन्हाच्या तिरिपेत उडताना दिसतो तो रुईचा तंतू मोठा असतो. तो नाकात अडकतो, शिंक येते आणि बाहेर पडतो. खरा धोका न दिसणाऱ्या बारीक कणांचा आहे, कारण ते थेट फुप्फुसाच्या तळाशी उतरतात. आपल्या देशाच्या २००९ च्या मानकांप्रमाणे पीएम २.५ चे प्रमाण वर्षाच्या सरासरीने एका घनमीटर हवेत ४० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा ५ वर आणली.

कापसाच्या धुळीचा स्वतंत्र रोग

आमच्या धंद्यातील माणसांना एक गोष्ट माहीत असणे अगत्याचे आहे. कापूस, ताग आणि अंबाडीच्या धुळीने होणारा बिसिनोसिस नावाचा छातीचा रोग आहे. त्याची खूण विचित्र आहे. सुटीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते, दम लागतो, आणि पुढच्या दिवसांत बरे वाटू लागते. विलायतेत गिरण्यांची सुटी रविवारी असे, म्हणून तिथे हा सोमवारचा आजार ठरला. आपल्याकडे जो कारागीर शुक्रवारी काम बंद ठेवतो, त्याला हा त्रास शनिवारी जाणवेल. तेव्हा ‘वार’ पाहू नका, सुटीनंतरचा पहिला दिवस पाहा. असे वारंवार होत असेल तर डॉक्टरांना नुसता ‘खोकला आहे’ असे सांगू नये. काम कापसाचे आहे आणि त्रास सुटीनंतर वाढतो, हे दोन्ही सांगावे. सुरुवातीला धुळीपासून दूर झाल्यास आराम पडतो. वर्षानुवर्षे दुर्लक्ष केल्यास दमा कायमचा मुक्कामाला येतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला तर हा रोग अधिकच जड जातो.

भारताच्या १९४८ च्या कारखाने कायद्यात सरकारला कळविण्याजोग्या रोगांच्या यादीत या रोगाचे नाव होते. पण घरगुती पिंजाऱ्याच्या किंवा चार माणसांच्या गादीकामाच्या दारात कारखाना निरीक्षक येत नाही. तिथली हिफाजत मालकालाच करावी लागते.

गूळ खाल्ला की छातीतील कापूस उतरतो, अशी पिंजाऱ्यांत जुनी समजूत आहे. गूळ चांगला पदार्थ आहे, जरूर खावा. पण गूळ जातो पोटात आणि धूळ जाते फुप्फुसात. दोन्हींच्या नळ्या वेगळ्या आहेत. गुळाच्या भरवशावर तोंड उघडे ठेवून पिंजू नये.

पहिले काम : धूळ उठूच न देणे

या बाबतीत अमेरिकेतील सूतगिरण्यांचे उदाहरण बोधप्रद आहे. तिथे १९७८ मध्ये कापसाच्या धुळीची मर्यादा ठरविणारा सरकारी नियम झाला. सूतकताईच्या विभागात ती एका घनमीटरला २०० मायक्रोग्रॅम इतकी ठेवली गेली. गिरणीमालक कोर्टात गेले, पण १९८१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने नियम कायम ठेवला. मग गिरण्यांनी यंत्रांपाशीच धूळ ओढून घेणारी व्यवस्था बसविली आणि पुढील काही वर्षांत हा रोग झपाट्याने कमी झाला. कामगारांना औषध पाजून हे झाले नाही. धूळ उगमापाशी धरली म्हणून झाले.

आपल्या ऐपतीप्रमाणे हेच आपणही करू शकतो :

१. दुकान कोरड्या झाडूने झाडू नये. कोरडा झाडू खाली बसलेली बारीक धूळ पुन्हा हवेत उडवितो. ओल्या फडक्याने पुसावे. झाडणेच भाग असेल तर आधी पाण्याचा हलका शिडकावा करावा. ताक्यांच्या फळ्याही ओलसर कापडाने पुसाव्यात. त्या पिसाऱ्याने झटकू नयेत.

२. पिंजणयंत्र राहत्या खोलीत ठेवू नये. वेगळी खोली नसेल तर अंगणात पत्र्याची शेड काढावी आणि घराकडील दार बंद ठेवावे.

३. कामाचे कपडे वेगळे असावेत. ते घरात झटकू नयेत आणि लेकरांना त्याच कपड्यांनी उचलून घेऊ नये. अंगावरील रुई हवेच्या नळीने उडविण्याची सवयही सोडावी.

४. बंद खोलीत डासांची कॉइल जाळू नये. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक कॉइल जाळल्याने निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे आढळले होते. मच्छरदाणी स्वस्त पडते आणि तिला धूर नाही.

५. लोबान, ऊद आणि अगरबत्ती यांचा सुगंध मनाला प्रसन्न करतो. परंतु सुगंधी हवा म्हणजे शुद्ध हवा नव्हे. जे जळते त्याचा धूर होतोच. दमेकरी, तान्हे मूल किंवा गरोदर बाई घरात असेल तर जाळण्याऐवजी अत्तराचा फाया ठेवावा.

६. स्वयंपाक शक्यतो गॅसवर करावा. पऱ्हाटीची चूल लागतच असेल तर ती उघड्यावर मांडावी.

दुसरे काम : राहिलेले बाहेर घालविणे

हवा बाहेर फेकणारा पंखा, ज्याला आपण एक्झॉस्ट म्हणतो, तो यंत्रापेक्षा पुष्कळ स्वस्त असतो. मात्र तो बसविण्याची जागा महत्त्वाची आहे. ताजी हवा माणसाच्या पाठीमागून यावी, धुळीवरून जावी आणि पंख्यातून बाहेर पडावी. पंखा माणसाच्या पाठीशी आणि पिंजण समोर असेल तर सगळी धूळ त्याच्या नाकावरूनच जाईल. पंख्याचे तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे नसावे, हे सांगण्याची गरज नसावी. आणखी एक इशारा : मोटारीवर रुई साचली आणि ठिणगी पडली तर आग लागण्यास वेळ लागत नाही. पंखा आठवड्यातून एकदा वीज बंद करून साफ करावा.

खिडक्या केव्हा उघडाव्यात यालाही हिशेब आहे. थंडीत रात्री जमीन गार होते, तिच्यालगतची थंड हवा जड होऊन खालीच बसते आणि वर उबदार हवेचे झाकण पडते. धूर त्या झाकणाखाली कोंडला जातो. म्हणून हिवाळ्यात पहाटे आणि सायंकाळनंतर हवा अधिक वाईट असते. ऊन तापल्यावर झाकण मोडते. तेव्हा हिवाळ्यात दुपारी बारा ते चारच्या दरम्यान दारे-खिडक्या उघडाव्यात. स्वयंपाकाच्या वेळी मात्र धूर बाहेर जाण्याची वाट कधीही बंद ठेवू नये.

तिसरे काम : गाळणे

आता यंत्राकडे वळू. यंत्रात एक पंखा आणि एक गाळणी असते, याहून मोठे गूढ त्यात नाही. गाळणी ‘हेपा’ जातीची असावी. खरी हेपा गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडविते. दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे ‘सीएडीआर’ नावाचा आकडा. यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देते, ते त्यावरून कळते. रंगीत दिव्यापेक्षा हा आकडा विचारावा.

हिशेब सोपा आहे. खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच असेल तर १,२०० घनफूट, म्हणजे सुमारे ३४ घनमीटर झाली. तासात पाच वेळा हवा गाळली जावी असे धरले तर ३४ गुणिले ५, म्हणजे १७० सीएडीआरचे यंत्र लागेल. त्याहून लहान घेतल्यास पैसे वाया गेले समजा. विजेचा खर्च मोठा नाही. ४० वॅटचे यंत्र रोज १२ तास चालले तर महिन्याला सुमारे साडेचौदा युनिट लागतात. खरा खर्च गाळणी बदलण्याचा आहे. म्हणून विकत घेण्यापूर्वी नव्या गाळणीची किंमत विचारावी, आणि ती नागपूर-यवतमाळला मिळते की नाही तेही विचारावे. पिंजणाजवळ यंत्र ठेवल्यास रुईने बाहेरची जाळी लगेच तुंबेल. त्याची जागा निजण्याच्या खोलीत आहे, कारण दिवसाचे सात-आठ तास आपण तिथे असतो.

‘ओझोन’ सोडून हवा शुद्ध करतो असे सांगणारे यंत्र घेऊ नये. ओझोन स्वतःच फुप्फुसाला अपाय करतो. तसेच हेपा गाळणी कोळशाच्या विषारी वायूला, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला, अडवीत नाही. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपणे जिवावर बेतते. यंत्र चालू असले तरी ते वाचविणार नाही.

कुंड्यांविषयीही लिहिणे भाग आहे. १९८९ मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेने बंद पेटीत झाडे ठेवून केलेल्या प्रयोगावरून घरातील रोपे हवा शुद्ध करतात असा बोलबाला झाला. २०१९ मध्ये तेथीलच ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांचा हिशेब मांडला. उघड्या खिडकीएवढे काम करून घ्यायचे तर एका चौरस मीटरला किमान दहा ते कमाल हजार रोपे लागतील, असे निघाले. झाडे लावा, घर शोभेल. धूळ मात्र फडक्यानेच जाईल.

रुमाल आणि मास्क

नाकाला रुमाल बांधला की झाले, असे पुष्कळांना वाटते. आपण कापडाचे लोक आहोत. ताण्या-बाण्यात किती जागा सुटते हे आपल्याला सांगायला नको. रुमाल तंतू अडवितो, पण बारीक कण त्या जागेतून आरपार जातो. एन-९५ मास्कचे कापड विणलेले नसते. प्लास्टिक वितळवून त्याच्या अतिसूक्ष्म धाग्यांचा थर केलेला असतो आणि त्या धाग्यांवर विजेचा भार असतो, जो कण खेचून धरतो. म्हणूनच हा मास्क साबणाने धुऊ नये. धुतल्यास भार जातो आणि उरतो तो नुसता कपडा.

मास्क चेहऱ्याला घट्ट बसला तरच कामाचा. दाढी असेल तर कडेने फट राहते आणि हवा तिथूनच येते. आपल्या कारागिरांपैकी अनेकांना दाढी असते. त्यांच्या बाबतीत मास्कवर भिस्त ठेवता येत नाही. म्हणून मालकाने वर सांगितलेली पहिली दोन कामे अधिक नेकीने केली पाहिजेत.

खर्चाचा क्रम

ज्याच्याजवळ थोडा पैसा आहे त्याने फडके, मच्छरदाणी आणि वेगळे कपडे यांपासून सुरुवात करावी. थोडा अधिक असेल तर एक्झॉस्ट बसवावा आणि पिंजण घराबाहेर न्यावे. त्यानंतरही घरात दमेकरी किंवा लहान मूल असेल तर निजण्याच्या खोलीपुरते हिशेबाने यंत्र घ्यावे. रस्त्याची धूळ, ट्रकचा धूर आणि जिनिंगची उडती रुई हे एका घराचे काम नाही. त्यासाठी व्यापाऱ्यांनी मिळून नगर परिषदेकडे रस्ता झाडण्यापूर्वी पाणी मारण्याची आणि जिनिंगमालकांकडे आवाराला जाळी लावण्याची मागणी करावी.

दुकानात मालाला कसर लागू नये म्हणून आपण किती जपतो! त्याच दुकानात दिवसभर बसणाऱ्या मुलाच्या आणि मजुराच्या छातीचीही तितकीच काळजी घेतली पाहिजे. माल खराब झाला तर पुढच्या हंगामात भरून काढता येतो, फुप्फुसाचे तसे होत नाही.